आकुर्डीचा रहिवासी

देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी पहिली रात्र गावातल्याच इनामदार वाड्यात काढून दुसऱ्या दिवशी आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात मुक्कामाला येते. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली हा सोहळा सुरू केला, त्याला आता तीन शतकांहून अधिक काळ लोटला. आणि गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत आकुर्डी नावाच्या गावाचा बाहेरच्या जगाशी जो काही ठळक संबंध होता, तो ज्येष्ठाच्या अखेरीस येणाऱ्या या एका रात्रीपुरताच होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. एरवी ते हवेली तालुक्यातले एक लहानसे मौजे. खंडोबाचा माळ, पावसावर विसंबलेली ज्वारी-बाजरीची राने, दक्षिणेला पवनेचे पात्र, पाटील-कुळकर्ण्यांची दप्तरे, आणि शेजारच्या चिंचवडला मोरया गोसाव्यांच्या देवस्थानाचा दरारा. चिंचवडला देव होता, इनामे होती, सनदा होत्या, आणि पुढे चापेकर बंधूंच्या हौतात्म्याने आलेले तेजही होते. आकुर्डीला यांतले काहीच नव्हते. १८५८ साली खंडाळा-पुणे हा लोहमार्ग सुरू झाला आणि आगगाडी शिवारावरून धूर सोडीत जाऊ लागली, तरी तिने गावाचे दैन्य नेले नाही की नवे वैभव आणले नाही.

स्वातंत्र्यानंतर मात्र या पट्ट्याचे ग्रह पालटू लागले. १९५४ साली पिंपरीस सरकारी मालकीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. मुंबईत जागेचा तुटवडा होता, पुण्यास पाण्याची व शिकलेल्या माणसांची सोय होती, आणि या दोहोंना जोडणारा हमरस्ता व लोहमार्ग हे दोन्ही याच माळावरून जात होते. १९६० च्या आगेमागे बजाज ऑटो या कंपनीने आकुर्डीच्या त्या माळावर स्कूटरचा कारखाना उभारण्यास घेतला, तेव्हा सातबाराच्या उताऱ्यांवरची नावे बदलली आणि गावकऱ्यांच्या बोलण्यात ‘कंपनी’ हे नाव रुळले, ते आजतागायत. १९६२ च्या ऑगस्टात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि मग पुढची कथा कारखान्यामागून कारखाना अशी वेगाने घडत गेली. ती इतरांनी सविस्तर लिहिली आहे. मला सांगायचे आहे ते या माळावर बिऱ्हाड थाटलेल्या एका गृहस्थाविषयी. कारण कारखाने पुष्कळांनी काढले, परंतु कारखान्याच्या आवारातच बायकोमुलांसह राहून तेथेच म्हातारे होण्याचे धाडस ज्याने केले असा धनिक माझ्या माहितीत एकच आहे.

राहुल बजाज यांचा जन्म १० जून १९३८ रोजी कलकत्त्यास झाला. घराणे वर्ध्याचे. आजोबा जमनालाल बजाज हे गांधीजींचे मानसपुत्र. त्यांनी १९२८ साली वर्ध्याचे आपले लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्या समाजास खुले केले, गांधीजींना वर्ध्यास आणले, आणि १९४२ साली देह ठेवला तेव्हा मागे व्यापारापेक्षा व्रतांचाच वारसा अधिक ठेवला. आजी जानकीदेवी यांना पुढे पद्मविभूषण मिळाले. वडील कमलनयन उद्योगपतीही होते आणि वर्ध्याचे लोकसभा सदस्यही. अशा घरात मुलाचे नाव ठेवायला राजपुरोहितासारखे थेट पंडित नेहरूच यावेत, यात नवल नाही. राहुल हे नाव नेहरूंनीच ठेवले असे ते स्वतः जाहीरपणे सांगत. त्या घराण्यात अशीही एक हकिकत सांगितली जाते की, ते नाव इंदिराबाईंनी स्वतःच्या होणाऱ्या अपत्यासाठी मनात धरले होते, ते गेले म्हणून त्या खट्टू झाल्या. पुढे एका घरात इंदिराबाईंचे पुत्र राजीव यांच्या मुलाचे नाव राहुल झाले आणि दुसऱ्या घरात राहुल यांच्या मुलाचे नाव राजीव. हकिकत अक्षरशः खरी असो वा नसो, दोन्ही घरांचा घरोबा किती जुना होता हे तीवरून कळते. आणि पुढे त्या घराच्या सत्तेशी या गृहस्थाचे किती खटके उडाले हे पाहिले, म्हणजे घरोबा आणि मिंधेपणा यांत त्यांनी कधी गल्लत होऊ दिली नाही, हेही कळते.

शाळा मुंबईची कॅथेड्रल. तेथे त्यांना अभ्यासाइतकाच मुष्टियुद्धाचा नाद होता, आणि ज्यांनी पुढे त्यांना उद्योजकांच्या सभांत किंवा मंत्र्यांसमोर बोलताना ऐकले, त्यांना तो नाद शाळेतच सुटला असे वाटण्याचे कारण नव्हते. दिल्लीच्या सेंट स्टीफन्समधून १९५८ साली अर्थशास्त्राची पदवी, मग मुंबईस कायद्याचे शिक्षण आणि त्याबरोबरच घराण्याच्या व्यवसायात कनिष्ठ जागेवरची उमेदवारी, आणि १९६४ साली हार्वर्डची व्यवस्थापनाची पदवी, असा त्यांचा विद्याभ्यास झाला. परंतु या सर्व पदव्यांहून मोठा पराक्रम त्यांनी मधल्या काळात, १९६१ साली केला होता. त्या वर्षी त्यांनी रूपा घोलप या मराठी मुलीशी प्रेमविवाह केला. मारवाडी व्यापारी घराण्यांत सोयरिकी वडीलधाऱ्यांच्या बैठकीत ठरत आणि हुंड्यापासून पेढीपर्यंत सारे व्यवहार तीत गुंतलेले असत. अशा वेळी वर्ध्याच्या बजाजांच्या थोरल्या मुलाने घोलपांची मुलगी सून म्हणून घरी आणावी, ही साधी गोष्ट नव्हती. ते स्वतः या विवाहाचा उल्लेख पुढे आयुष्यभर अभिमानाने करीत असत, आणि आपल्याला मराठी घरात जावई म्हणून मिळालेला मान त्यांना पद्मभूषणापेक्षा कमी वाटत असावा असे मला तरी दिसले नाही.

१९६५ च्या सुमारास ते आकुर्डीच्या कारखान्यात रुजू झाले. त्या काळी मुंबईच्या उद्योगपतींची रीत अशी होती की, कारखाना कोठेही असो, मालकाची कचेरी फोर्टात आणि मालकाचे घर मलबार हिलवर असावयाचे. कारखान्यावर एक विश्वासू मॅनेजर नेमावा, महिन्याकाठी एखादी फेरी मारावी, ताळेबंदावर सही करावी, की कर्तव्य संपले. हार्वर्डहून आलेल्या, तिशीही न गाठलेल्या या तरुणाने ती रीत मोडली. त्याने कारखान्याच्या आवारातल्या वसाहतीत, कंपनीच्या इतर अधिकाऱ्यांच्या शेजारी, आपले बिऱ्हाड आणले. आज आकुर्डी चौकातल्या वाहनांच्या गर्दीत ज्यांची पंधरा पंधरा मिनिटे जातात, त्यांना हे ऐकून काहीच विशेष वाटणार नाही. परंतु १९६५ ची आकुर्डी डोळ्यांसमोर आणावी. पुणे तेथून कोसांच्या हिशेबाने दूर, हमरस्त्यावर रात्री मालमोटारींचे दिवे, चहूकडे माळ, उन्हाळ्यात फुफाटा आणि पावसाळ्यात चिखल. संध्याकाळी नाटक नाही, क्लब नाही, आप्तेष्टांची वर्दळ नाही. मुंबईच्या समाजात वाढलेल्या तरुण पत्नीला घेऊन तेथे राहावयास जाणे हे साहसच होते, आणि हे साहस केवळ त्यांचे नव्हते, रूपाताईंचेही होते. धाडसी पुरुषांची चरित्रे लिहिताना त्यांच्या मागोमाग माळावर आलेल्या स्त्रियांचे नाव एका ओळीत उरकण्याची आपली जुनी खोड आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मोठा मुलगा राजीव १९६६ साली जन्मला. मग संजीव आणि सुनयना. राजीव यांचे शालेय शिक्षण आकुर्डीच्याच सेंट उर्सुला शाळेत झाले, पुढे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून ते यंत्र अभियांत्रिकीचे पदवीधर झाले. मालकाचा मुलगा पाचगणीच्या किंवा डेहराडूनच्या वसतिगृहात न जाता कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत जातो, आणि त्याच वर्गांत कंपनीतल्या नोकरदारांची मुलेही बसतात, ही गोष्ट कोणत्याही वार्षिक अहवालात छापली जात नाही. पण वसाहतीत राहणाऱ्या माणसांना तिचा अर्थ बरोबर समजत होता. पहिल्या पाळीचा भोंगा वाजला की तो मालकाच्या घरीही ऐकू जाई. यंत्र बंद पडले, वीज गेली, दारावर मोर्चा आला, तर मालक मुंबईला आहेत असे सांगून वेळ मारून नेण्याची सोय मॅनेजरांना उरली नव्हती. कौटुंबिक माणूस आणि साहसी माणूस हे दोन निराळे स्वभाव आपण मानतो. एकाने घर सांभाळावे आणि दुसऱ्याने घर सोडून निघावे, असा आपला समज. या गृहस्थाच्या बाबतीत त्याचे घर हेच त्याचे साहस होते, आणि त्या घराच्या पत्त्यात त्याच्या व्यापाराचे निम्मे मर्म होते, असे माझे मत आहे.

येथे फिरोदियांचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. अहमदनगरचे नवलमल फिरोदिया, मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झालेल्या कुंदनमल फिरोदियांचे चिरंजीव, वकील आणि बेचाळीसच्या चळवळीतले तुरुंगवासी. भारतात ऑटोरिक्षा आणण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा नाहीशी व्हावी या गांधीवादी तळमळीतून त्यांनी तीन चाकांच्या यांत्रिक रिक्षाचा पाठपुरावा केला. बजाज ऑटोचा कारभार आरंभी तेच पाहत होते आणि राहुल बजाज त्यांच्या हाताखालीच शिकले. पुढे दोन्ही घराण्यांत बेबनाव झाला. १९६८ साली बजाज ऑटो बजाजांकडे आणि बजाज टेंपो फिरोदियांकडे अशी वाटणी पडली, आणि तिसाव्या वर्षी राहुल बजाज कंपनीचे मुख्य अधिकारी झाले. दोन्ही कारखाने आकुर्डीच्याच माळावर, शेजारी शेजारी. भाऊबंदकीतल्या शेताचा बांध कसा असतो, ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना या दोन कारखान्यांमधली भिंत वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ‘मॅटाडोर’ या नावाची गाडी याच भिंतीपलीकडून निघून महाराष्ट्रभर वडापच्या धंद्याला लागली. २००५ साली टेंपोचे नाव फोर्स मोटर्स झाले आणि दोन शेजाऱ्यांमधले नावाचे अखेरचे साम्यही संपले.

आता स्कूटरकडे वळू. इटलीत पाँतेदेरा येथे पियाज्जिओ कंपनीसाठी कोर्रादीनो दास्कानिओ या विमान अभियंत्याने १९४६ साली वेस्पाची रचना केली. मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे, म्हणून त्याने इंजिन झाकले, साखळी काढली, आणि पाय ठेवायला पुढे मोकळी पाटी दिली. बजाज मंडळी १९४८ पासून दुचाक्या-तीनचाक्या परदेशातून आणून विकत होती. १९५९ साली सरकारने त्या येथेच बनविण्याचा परवाना दिला, आणि पियाज्जिओच्या सहकार्याने आकुर्डीत वेस्पा तयार होऊ लागली. १९७१ साली तो करार संपला. इटालियन नाव गेले, कसब मात्र आकुर्डीत राहिले. मग १९७२ साली राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन ‘चेतक’ आली. करार संपल्यावर गुजराण कशी होणार अशी चिंता ज्यांना होती, त्यांची ती चिंता गिऱ्हाइकांनी मिटवली.

त्या गाडीचे काय वर्णन करावे! महाराष्ट्रातल्या पगारदार माणसाने तिच्यावर बायको बसविली, आणि मग संसारच बसविला. थोरले मूल पुढच्या मोकळ्या पाटीवर हँडल धरून उभे, मधोमध बाप, मागे एका बाजूला दोन्ही पाय टाकून आई, तिच्या मांडीवर धाकटे, डाव्या अंगाला डिकीत टिफिन, रेनकोट आणि स्पार्क प्लग साफ करायचा पॉलिश पेपर, मागे स्टेपनी. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मोजून घालावे लागे. गियर डाव्या मुठीत होते, आणि क्लच दाबून मूठ फिरवताना होणारा तो ‘खटक्’ आवाज आल्यावाचून गियर पडला यावर जुन्या माणसांचा विश्वास बसत नसे. थंडीच्या सकाळी किक मारून मारून घाम आला तरी गाडी ऐकत नसेल, तर तिला एका कुशीवर कलती करून पुन्हा उभी करावी, चोक ओढावा आणि मग तिसऱ्या-चौथ्या किकेला निळा धूर सोडीत ती सुरू व्हावी. हा विधी ज्याने केला नाही असा गृहस्थ त्या पिढीत मिळणे कठीण. दास्कानिओने ती तरुणतरुणींसाठी काढली होती. आकुर्डीने तिला कुटुंबवत्सल करून टाकले.

परंतु ती मिळणे सोपे नव्हते. स्कूटरच्या वाटपावर १९६० पासून सरकारी नियंत्रण होते; कंपनीने किती गाड्या बनवाव्यात याला परवान्याची मर्यादा, आणि त्या कोणाला द्याव्यात याला नंबराची. अनामत भरून नाव नोंदवावे आणि वाट पाहावी; सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत ही प्रतीक्षा वर्षांनी मोजली जाई, आणि काही ठिकाणी तिने दशकाची मजल गाठली. परदेशस्थ नातेवाइकाने परकीय चलनात पैसे भरले तर नंबर लवकर लागे, म्हणून आखातातल्या मामाला त्या काळी भलतेच महत्त्व आले होते. नंबर लागलेला माणूस गाडी वर पैसे घेऊन विकी. लग्नाच्या याद्यांत स्कूटर नव्हे, स्कूटरची नोंदणी लिहिली जाई. गिऱ्हाईक दारात उभे, माल बनविण्याची ताकद अंगात, आणि तरी सरकारी फर्मानाने हात बांधलेले, या स्थितीचा राहुल बजाज यांना मनस्वी संताप होता. लोकांना हव्या असलेल्या वस्तू जास्त बनविल्याबद्दल तुरुंगात जावे लागले तर आपण जाऊ, आपल्या घरच्यांना तुरुंगाची सवय आहे, अशा आशयाचे ते बोलत असत. ही पोकळ ऐट नव्हती. वडील कमलनयन काँग्रेसच्या फुटीत इंदिराबाईंच्या विरुद्ध बाजूला उभे राहिले होते. १९७२ च्या मे महिन्यात ते निवर्तले, आणि चार वर्षांनी, आणीबाणीच्या ऐन भरात, प्राप्तिकर खात्याने बजाजांच्या कचेऱ्या, कारखाने आणि घरे यांवर मोठा छापा घातला. अशा प्रसंगानंतर पुष्कळ शेटजी नरम झाले. या एका घरात तोंड बंद करण्याची विद्या कोणी शिकलेच नाही.

कंपनीचे आकडे मात्र वाढतच होते. १९७० साली तिचे एक लाखावे वाहन बाहेर पडले. १९७७ साली एका आर्थिक वर्षात लाख वाहने विकली गेली. आणि १९८६ साली वर्षाला पाच लाख. तोवर औरंगाबादजवळ वाळूज येथे दुसरा कारखाना उभा राहिला होता. आकुर्डी मात्र मूळ गादी. १९७० च्या मार्चात पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून नगरपालिका झाली. १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आले आणि निगडी-आकुर्डीच्या शेतांवर पेठांचे नकाशे पडले. १९८२ च्या ऑक्टोबरात महानगरपालिका झाली. सातारा-सांगलीकडून, मराठवाड्याच्या दुष्काळी तालुक्यांतून, कोकणातून आणि खानदेशातून आयटीआय झालेली मुले येथे आली, चाळीत पथारी टाकून राहिली, टेंपररीची परमनंट झाली, आणि मग त्यांनी प्राधिकरणात प्लॉट घेतला. ‘मुलगा बजाजमध्ये परमनंट आहे’ या एका वाक्यावर या पट्ट्यात किती सोयरिकी जुळल्या असतील याची मोजदाद कोणी केली नाही. मुलीच्या बापाला त्यापुढे जमीन किती हे विचारण्याची गरज वाटत नसे. मूळ गावकऱ्यांचा हिशोब मात्र इतका गोड नाही. ज्यांच्या जमिनी प्राधिकरणात गेल्या, त्यांचा साडेबारा टक्के परताव्याचा दावा पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवीत राहिला. मालक शेजारी राहतो म्हणून संप टळतात, असेही नव्हे. आकुर्डीने संप पाहिले, घोषणा ऐकल्या, दारावरच्या राहुट्याही पाहिल्या. शेजाराने भांडणे मिटत नाहीत, भांडणाऱ्याचे तोंड समोर राहते इतकेच.

१९८९ साली ‘हमारा बजाज’ ही जाहिरात दूरदर्शनवर आली, आणि दोनच वर्षांत अर्थव्यवस्थेची कवाडे उघडली. ज्या परवाना-राज्याला त्यांनी आयुष्यभर शिव्या घातल्या, ते जाताच १९९३ साली ‘बाँबे क्लब’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उद्योजकांच्या मेळाव्यात ते पुढाकाराने दिसले. परदेशी कंपन्यांशी झुंजण्याआधी देशी कंपन्यांना सारखे मैदान द्या, हे त्यांचे म्हणणे. टीकाकारांना यात विसंगती दिसली, आणि ती अगदीच नव्हती असे मलाही म्हणवत नाही. नंबर लावून गिऱ्हाईक दहा दहा वर्षे थांबते, तेव्हा कारखानदाराला गिऱ्हाइकाची नवी आवड कळण्याचे कारण उरत नाही. आणि कारखान्यात स्कूटरी बनत असताना बाहेरच्या तरुणाला मोटारसायकल हवी झाली होती, हे आकुर्डीस उशिरा उमगले. ज्याला उमगले तो घरातलाच होता. राजीव बजाज १९९० साली कंपनीत आले. १९९९ साली चाकणला कारखाना झाला, २००१ साली ‘पल्सर’ निघाली, आणि कंपनीचे नशीब पुन्हा फिरले. पुढे मुलाने हिशोब मांडला तो असा: आकुर्डीत वाहन बनविणे परवडत नाही, आणि स्कूटर बनविणेही परवडत नाही.

२००७ च्या सप्टेंबरात आकुर्डीतले वाहन-उत्पादन बंद झाले. कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. ज्या फाटकातून पाळीच्या वेळी सायकलींचा आणि मग स्कूटरींचा लोंढा निघे, तेथे चहाच्या टपऱ्यांचा धंदा बसला; प्राधिकरणातल्या कित्येक घरांत पन्नाशीचा, हातापायाने धड माणूस सकाळी सहाला उठून डबा भरायचा नाही म्हणून अस्वस्थ बसलेला दिसू लागला. दोन वर्षांनी कंपनीने स्कूटर हा व्यवसायच सोडण्याचे ठरविले. आणि तेव्हा एक विलक्षण गोष्ट झाली. अध्यक्ष असलेल्या बापाने, मुलाच्या या निर्णयाचे आपल्याला वाईट वाटते, दुःख होते, असे वृत्तपत्रांना उघडपणे सांगितले. आणि निर्णय मात्र फिरविला नाही. आपल्याकडे मोठ्या घरांतले बापलेकांचे मतभेद एक तर उंबऱ्याआड कुजतात किंवा कोर्टात जातात. मुलाच्या हाती कारभार दिला म्हणजे तो चुकेल अशी भीती वाटली तरी द्यावयाचा, आणि आपले मत मात्र चारचौघांत सांगावयाचे, ही रीत फार थोड्यांना साधते. त्यांच्या साऱ्या साहसांत मला हे सर्वांत मोठे वाटते, कारण सरकारशी भांडताना माणसाला टाळ्या तरी मिळतात.

सरकारशी भांडणे तर चालूच होते. २००१ साली पद्मभूषण, २००६ ते २०१० महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून राज्यसभा, इंडियन एअरलाइन्सचे अध्यक्षपद, उद्योजकांच्या महासंघाचे दोनदा नेतृत्व, ही मानाची पाने वाढली जात होती. पण ३० नोव्हेंबर २०१९ रोजी मुंबईत एका समारंभात, गृहमंत्री समोर बसलेले असताना, लोक सरकारवर टीका करण्यास भितात हे एक्क्याऐंशी वर्षांच्या या वृद्धाने उभे राहून सांगितले, तेव्हा सभागृहातल्या अनेक श्रीमंतांच्या नजरा ताटाकडे वळल्या असतील. आपण जन्मतःच प्रस्थापितविरोधी आहोत, अशा अर्थाचे काही ते त्या वेळी म्हणाले. शाळेतल्या मुष्टियोद्ध्याने हातमोजे अखेरपर्यंत काढलेच नाहीत.

रूपाताई २०१३ साली गेल्या. बावन्न वर्षांचा संसार, त्यातला बराचसा काळ त्याच आवारात. त्याच वर्षी चाकणच्या कामगारांनी संप केला आणि त्यांच्या मागण्यांत एक अजब मागणी होती: प्रत्येकी कंपनीचे पाचशे शेअर एक रुपया दराने मिळावेत. ती मान्य झाली नाही, होण्याजोगीही नव्हती. पण ज्या कंपनीचा मालक एके काळी कामगारांच्या शेजारी राहत होता, तिच्या कामगाराच्या मनात घरच्या इस्टेटीत वाटा मागण्याचा विचार यावा, याची मला गंमत वाटली. २०२१ च्या एप्रिलअखेर राहुल बजाज यांनी बजाज ऑटोचे अध्यक्षपद सोडले. १२ फेब्रुवारी २०२२ रोजी पुण्यास रुग्णालयात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी अंत्यदर्शनासाठी पार्थिव आकुर्डीस, कंपनीच्या आवारात ठेवण्यात आले. मग पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत शासकीय इतमामाने अंत्यसंस्कार झाले. ज्या दर्शनाच्या रांगेत कारखानदार आणि पुढारी होते, तिच्यातच निवृत्त फिटर आणि टर्नरही होते, आणि त्यांतले पुष्कळ जण स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर सही करून याच फाटकातून बाहेर पडलेले होते.

ज्या मुलाने स्कूटर बंद केली, त्यानेच २०१९ च्या ऑक्टोबरात विजेवर चालणारी चेतक दाखविली आणि पुढच्या जानेवारीत ती पुण्याच्या रस्त्यावर आणली. मग १० जून २०२२ रोजी, म्हणजे राहुल बजाज असते तर चौऱ्याऐंशी वर्षांचे झाले असते त्या दिवशी, वर्षाला पाच लाख गाड्यांची क्षमता सांगणाऱ्या नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले, तेही आकुर्डीत, जुन्या चेतकच्याच जागेवर. हा पितृऋणाचा हिशोब होता की बाजारपेठेचा, हा वाद ज्यांना हौस असेल त्यांनी घालावा. स्वतः राहुल बजाज यांनी आधी खपाचे आकडे मागविले असते, शेजारच्या कंपनीचेही मागविले असते, आणि ते पाहून मगच मुलाची पाठ थोपटावयाची की पत्रकारांना बोलावून त्याचा कान पकडावयाचा, हे ठरविले असते.